रनटाइम अवलंबित्वाचे व्यवस्थापन

रनटाइम अवलंबित्वाचे व्यवस्थापन म्हणजे संचालन प्रणालीच्या पॅकेजसंग्रहात प्रोग्रॅमिंग भाषांची चालक यंत्रणा, त्या भाषांतील लायब्ररी आणि त्यांच्या आधारे चालणारे प्रोग्रॅम यांची परस्परांशी सुसंगत जुळणी राखण्याचे काम होय. पायथन, पर्ल, रूबी, पीएचपी यांसारख्या भाषांत लिहिलेला प्रोग्रॅम स्वतःच्या बळावर चालत नाही. तो वाचून त्याप्रमाणे काम करणारा इंटरप्रिटर आणि त्याच्या सोबतच्या लायब्ररी संगणकावर असाव्या लागतात. या साहित्यास त्या भाषेचे रनटाइम म्हणतात. लिनक्सवर आधारलेल्या प्रणालींत प्रणालीची स्वतःचीच अनेक साधने अशा भाषांत लिहिलेली असल्याने रनटाइमची आवृत्ती बदलणे ही एकट्या प्रोग्रॅमपुरती बाब राहत नाही.

पॅकेज आणि अवलंबित्व

पॅकेज म्हणजे प्रोग्रॅमच्या फायली आणि त्या प्रोग्रॅमला आणखी काय काय लागते याची यादी एकत्र बांधलेले गाठोडे. या यादीतील प्रत्येक नोंद हे एक अवलंबित्व असते. डेबियन व उबुंटू या वितरणांत ॲप्ट हे साधन आणि फेडोरा व रेड हॅट यांच्या वितरणांत डीएनएफ हे साधन ही यादी वाचून लागणारी पॅकेजे आपोआप बसवते. १० जून २०२३ रोजी प्रकाशित झालेल्या डेबियन १२ मध्ये ६४,४१९ पॅकेजे होती. एवढ्या मोठ्या संग्रहातील कोणतेही पॅकेज निवडले तरी ते इतरांसोबत नांदले पाहिजे, अशी त्या संग्रहाची हमी असते.

भाषांची स्वतःची पॅकेज साधनेही असतात. पायथनसाठी पिप, रूबीसाठी जेम, नोडसाठी एनपीएम. ही साधने थेट त्या भाषेच्या जागतिक भांडारातून लायब्ररी आणतात. त्यांना संचालन प्रणालीच्या यादीत काय नोंदले आहे याची माहिती नसते आणि प्रणालीच्या साधनाला त्यांनी काय आणले याची माहिती नसते. एका घरात दोन कारभारी असावेत आणि दोघांच्या वह्या वेगळ्या असाव्यात, तशी ही स्थिती आहे. पुढे वर्णिलेल्या बहुतेक अडचणींचा उगम येथे आहे.

एकच आवृत्ती ठेवण्याचे कारण

डेबियनच्या एका स्थिर आवृत्तीत पायथनची साधारणतः एकच आवृत्ती असते. डेबियन ११ मध्ये ३.९, डेबियन १२ मध्ये ३.११ आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३.१३ ही ती आवृत्ती आहे. वितरणाच्या आयुष्यभर ती बदलत नाही. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी येत असताना वितरण जुन्याला का चिकटून राहते, असा प्रश्न नवशिक्या विद्यार्थ्यास पडतो आणि तो रास्त आहे.

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याच्या परिचयाचे उदाहरण घ्यावयाचे तर नीरा नदीवरील वीर धरणातून निघणारा नीरा उजवा कालवा फलटणकडून या तालुक्यात येतो आणि पुढे पंढरपूर व सांगोल्याकडे जातो. कालवा एक, त्यावर फाटे अनेक आणि प्रत्येक फाट्यावर पाण्याची पाळी ठरलेली. एखाद्याने आपल्या उसाच्या सोयीसाठी मूळ कालव्याचीच पातळी बदलली, तर खालच्या सर्व गावांचे गणित चुकते. संग्रहातील इंटरप्रिटर हा असा सामायिक कालवा असतो. त्यावर अवलंबून असलेल्या हजारो लायब्ररींपैकी प्रत्येक लायब्ररी दोन-तीन आवृत्त्यांसाठी स्वतंत्रपणे बांधून तपासायची, तर हे काम स्वयंसेवकांच्या आवाक्याबाहेर जाते.

दुसरे कारण सुरक्षेचे आहे. एखाद्या लायब्ररीत दोष सापडला आणि संग्रहात तिची एकच प्रत असली, तर ती एक प्रत दुरुस्त करून सर्व संगणकांकडे पाठवता येते. प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतःची वेगळी प्रत सोबत आणली असती तर सदोष प्रती कोठे कोठे आहेत हे शोधण्यातच दिवस गेले असते.

आवृत्तीशी घट्ट बांधलेल्या लायब्ररी

पायथनच्या लायब्ररी दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारातील लायब्ररी निव्वळ पायथनमध्ये लिहिलेली असते आणि ती आवृत्तीच्या लहानसहान बदलांत सहसा टिकते. डेबियनमध्ये अशा लायब्ररी ‘डिस्ट-पॅकेजेस’ नावाच्या एकाच सामायिक निर्देशिकेत ठेवल्या जातात. तिच्या नावात आवृत्तीचा क्रमांक नसतो. हे शक्य झाले ते २०११ मध्ये आलेल्या पायथन ३.२ मुळे. तोपर्यंत इंटरप्रिटरने तयार केलेली भाषांतरित फाइल मूळ फाइलशेजारीच, त्याच नावाने राही आणि दोन आवृत्त्या एकमेकींच्या फायली पुसून टाकत. ३.२ पासून अशा फायली वेगळ्या उपनिर्देशिकेत, नावात आवृत्तीची खूण घेऊन राहू लागल्या.

दुसऱ्या प्रकारातील लायब्ररीचा काही भाग सी किंवा सी++ मध्ये लिहून यंत्रभाषेत रूपांतरित केलेला असतो. आकडेमोडीची नमपाय ही लायब्ररी या प्रकारातील आहे, तसेच खिडक्या व बटणे दाखवणारी पायजीऑब्जेक्टही. असा भाग इंटरप्रिटरच्या अंतर्गत रचनेशी जोडलेला असतो. त्याच्या फाइलच्या नावातच ‘सीपायथन-३११’ अशी खूण असते आणि ३.१२ आवृत्तीचा इंटरप्रिटर त्या फाइलकडे पाहतही नाही. म्हणून डेबियनमध्ये अशा पॅकेजच्या अवलंबित्वात दोन मर्यादा आपोआप लिहिल्या जातात: पायथन किमान ३.११ हवा आणि तो ३.१२ पेक्षा लहान हवा. या मर्यादा हाताने लिहाव्या लागत नाहीत. बांधणीच्या वेळी एक साहाय्यक साधन फायली तपासून त्या भरते. देखभाल करणाऱ्याने विसरू नये यासाठी केलेली ही सोय या साऱ्या रचनेतील सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल.

संक्रमण

संग्रहातील इंटरप्रिटरची आवृत्ती बदलण्याच्या प्रक्रियेस संक्रमण म्हणतात. डेबियनमध्ये ती टप्प्याटप्प्याने होते. प्रथम नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी आणली जाते. त्यानंतर यंत्रभाषेतील भाग असलेली सर्व पॅकेजे दोन्ही आवृत्त्यांसाठी पुन्हा बांधली जातात. जी बांधता येत नाहीत त्यांच्यावर दोषनोंदी होतात, काही मूळ लेखकांकडून दुरुस्त होतात, काही संग्रहातून वगळली जातात. बहुतेक पॅकेजे सज्ज झाली की नवी आवृत्ती मुख्य ठरते आणि शेवटी जुनी काढून टाकली जाते.

नवी आवृत्ती दिसायला थोडीच वेगळी असली तरी पॅकेजे का मोडतात, याचे उदाहरण म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली पायथन ३.१२ पाहता येते. तिच्यातून ‘डिस्टयूटिल्स’ हा लायब्ररी बांधण्याचा जुना विभाग काढण्यात आला. वर्षानुवर्षे त्याच्यावर विसंबलेल्या असंख्य लायब्ररींच्या बांधणीच्या फायली त्यामुळे बदलाव्या लागल्या. ३.१३ मधून ‘सीजीआय’ व ‘टेलनेटलिब’ यांच्यासह १९ जुने विभाग गेले.

आजवरचे सर्वांत लांबलेले संक्रमण पायथन २ कडून ३ कडे जाण्याचे होते. पायथन ३.० ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली आणि ती मुद्दामच मागील आवृत्तीशी सुसंगत ठेवलेली नव्हती. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, २.७.१८ ही अखेरची आवृत्ती त्या वर्षी एप्रिलमध्ये निघाली. मधल्या ११ वर्षांत वितरणांना दोन्ही पायथन एकाच वेळी सांभाळावे लागले. ‘पायथन’ या नुसत्या नावाने कोणता इंटरप्रिटर सुरू व्हावा, हा साधा वाटणारा प्रश्नही वादाचा झाला. आर्च लिनक्सने २०१० मध्येच ते नाव पायथन ३ ला देऊन टाकले. डेबियन व उबुंटू यांनी मात्र ते नाव कोणालाच आपोआप न देण्याचा मार्ग धरला. ज्याला हवे त्याने ‘पायथन-इज-पायथन३’ नावाचे छोटेसे पॅकेज बसवावे, अशी व्यवस्था उबुंटू २०.०४ व डेबियन ११ पासून आहे. डेबियन १२ मधून पायथन २ पूर्णपणे गेले.

प्रणालीचा इंटरप्रिटर आणि वापरकर्त्याचा इंटरप्रिटर

विद्यार्थ्यांच्या हातून होणारी नेहमीची चूक अशी: एखाद्या प्रकल्पासाठी पायथनची नवी आवृत्ती लागते, ती मिळवून बसवली जाते आणि प्रणालीतील ‘पायथन३’ हा दुवा तिच्याकडे वळवला जातो. प्रकल्प चालू होतो. इतर गोष्टी मात्र एकेक करून बंद पडू लागतात. उबुंटूच्या काही आवृत्त्यांत टर्मिनलची खिडकी उघडत नाही, कारण ती उघडणारी छोटी फाइल पायथनमध्ये आहे. नवे भांडार जोडण्याची आज्ञा ‘ॲप्ट_पीकेजी’ नावाचा विभाग सापडत नसल्याची तक्रार करते. मराठी टंकलेखन करणाऱ्यास याचा फटका आणखी जवळून बसतो. लिनक्सवर देवनागरी कळफलक निवडण्यासाठी वापरली जाणारी आयबस या यंत्रणेची मांडणीची खिडकी पायथनमध्ये लिहिलेली आहे आणि तिला पायजीऑब्जेक्ट लागते. आधी टंकलेल्या अक्षरांवरून शब्द सुचवणारे आयबस टायपिंग बूस्टर तर संपूर्णपणे पायथनमध्येच आहे. दुवा फिरवला की त्या इंटरप्रिटरला जुन्या आवृत्तीसाठी बांधलेले पायजीऑब्जेक्ट दिसत नाही आणि मराठी लिहिण्याची सोयच थांबते. कळफलकाचा आणि गणिताच्या प्रकल्पाचा संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही, म्हणून दोष भलतीकडेच शोधला जातो.

जावाच्या अनेक आवृत्त्या शेजारी ठेवून ‘अपडेट-अल्टरनेटिव्हज’ या साधनाने त्यांतील एक निवडण्याची पद्धत डेबियनमध्ये रूढ आहे. तेच साधन पायथनवर वापरण्याचा सल्ला अनेक मार्गदर्शिकांत आढळतो. डेबियनने पायथनसाठी ते जाणीवपूर्वक वापरलेले नाही आणि हा सल्ला पाळू नये.

रेड हॅटच्या जगातही हीच कथा घडली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ मध्ये पायथन २.६ होते आणि पॅकेजे बसवणारे यम हे साधन त्याच पायथनवर चाले. २.७ च्या हव्यासाने मूळ पायथन बदलणाऱ्यांचे यमच बंद पडे. म्हणजे दुरुस्तीची अवजारे असलेल्या पेटीचीच किल्ली हरवे. मे २०१९ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत यावर उपाय म्हणून प्रणालीच्या साधनांसाठी ‘प्लॅटफॉर्म-पायथन’ हा वेगळा इंटरप्रिटर वापरकर्त्याच्या नेहमीच्या मार्गाबाहेर ठेवण्यात आला. फेडोरा ४१ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून, डीएनएफची नवी आवृत्ती सी++ मध्ये असल्याने तेथे हा धोका पुष्कळ कमी झाला आहे.

इंटरप्रिटर न बदलता नुसत्या पिपने लायब्ररी बसवल्या तरी अडचण येते. प्रशासकाच्या अधिकाराने पिप चालवल्यास डेबियनमध्ये लायब्ररी ‘लोकल’ या निर्देशिकेखाली जातात आणि शोधाच्या क्रमात त्या प्रणालीच्या लायब्ररींच्या आधी येतात. त्यामुळे प्रणालीचे साधनही नकळत नव्या प्रतीवर चालू लागते. प्रयोगशाळेतील सामायिक संगणकावर एका विद्यार्थ्याने असे केले तर परिणाम सर्वांना भोगावा लागतो. ॲप्टच्या नोंदीत याचा मागमूस नसतो.

हे थांबवण्यासाठी पायथनच्या सुधारणा-प्रस्तावांपैकी क्रमांक ६६८ चा प्रस्ताव स्वीकारण्यात आला. त्यानुसार वितरण आपल्या पायथनच्या निर्देशिकेत एक खुणेची फाइल ठेवते आणि ती दिसली की पिप काम नाकारून वापरकर्त्यास योग्य मार्ग सुचवते. डेबियन १२ व उबुंटू २३.०४ पासून ही व्यवस्था लागू आहे. नकार डावलण्याचा पर्यायही आहे. त्याचे नाव ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’, अर्थात प्रणालीची पॅकेजे मोडा, असे ठेवलेले आहे. नाव इतके स्पष्ट असूनही तो पर्याय जसाच्या तसा उतरवून घेणारे कमी नाहीत.

योग्य मार्ग म्हणजे आभासी परिसर. प्रकल्पाच्या फोल्डरात प्रणालीच्याच इंटरप्रिटरकडे जाणारा दुवा आणि लायब्ररींसाठी वेगळी जागा तयार होते. तेथे काय बसवले याचा प्रणालीस उपसर्ग होत नाही आणि फोल्डर पुसला की सारे पुसले जाते. कालव्याच्या उदाहरणात ही शेतचारी होय. डेबियन व उबुंटूवर यासाठी ‘पायथन३-व्हेनव्ह’ हे पॅकेज आधी बसवावे लागते. मात्र वितरणाची पुढची आवृत्ती घेतल्यावर, उदाहरणार्थ डेबियन १२ वरून १३ वर गेल्यावर, जुना परिसर चालत नाही, कारण त्यातील लायब्ररी ३.११ च्या नावाने ठेवलेल्या असतात. परिसर नव्याने तयार करावा लागतो, म्हणून लागणाऱ्या लायब्ररींची यादी वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवणे आवश्यक असते. पायथनची वेगळीच आवृत्ती हवी असेल तर ती घरच्या निर्देशिकेत स्वतंत्र बांधून घेता येते. ती आपली खासगी विहीर. पाणी मुबलक, पण गाळ काढण्याचे, म्हणजेच सुरक्षेचे बदल वेळच्या वेळी आणण्याचे काम ज्याचे त्याला करावे लागते.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रातून निर्माण झालेल्या किंवा येथे वाढलेल्या सॉफ्टवेअरमध्येही हे प्रश्न स्पष्ट दिसतात. त्रिमितीय शास्त्रीय विदा चित्ररूपात दाखवणारा मायावी हा प्रोग्रॅम आयआयटी मुंबईतील एरोस्पेस अभियांत्रिकीचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केला. तो डेबियनच्या संग्रहात ‘मायावी२’ या नावाने आहे. मायावी स्वतः बहुतांशी पायथनमध्ये असला तरी चित्र रेखाटण्यासाठी तो व्हीटीके या सी++ मधील प्रचंड लायब्ररीवर आणि आकडेमोडीसाठी नमपायवर विसंबतो. व्हीटीकेचा पायथनशी जोडणारा भाग आवृत्तीशी बांधलेला असतो. म्हणजे पायथनची आवृत्ती बदलली की आधी नमपाय, मग व्हीटीके आणि मग मायावी अशी रांग लागते. मधला एक दुवा अडला तर मायावीत काडीचाही दोष नसताना तो संग्रहातून तात्पुरता बाहेर जाऊ शकतो.

आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध असून ग्रामीण महाविद्यालयांत त्यांचा उपयोग होतो. त्यातील पायथनच्या एका मालिकेच्या नावातच ३.४.३ हा आवृत्तीक्रमांक आहे. पाठात जी आवृत्ती तीच आपल्या संगणकावर असली पाहिजे, या समजुतीने विद्यार्थी प्रणालीचे पायथन बदलू पाहतात. त्याची गरज नसते. ३.४ साठी शिकवलेली भाषेची मूलतत्त्वे ३.११ वर किंवा ३.१३ वर जवळजवळ सर्व तशीच चालतात. पायथन २ च्या काळातील पाठ किंवा पुस्तक असेल तर मात्र पहिल्याच ओळीला अडखळायला होते, कारण ‘प्रिंट’ नंतर कंस देणे पायथन ३ मध्ये आवश्यक झाले.

पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत रूबी व नोड यांच्या लायब्ररी डेबियनसाठी बांधण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. अशा कामाचे महत्त्व गिटलॅबच्या उदाहरणावरून कळते. गिटलॅब ही रूबीतील एक मोठी प्रणाली असून ती संग्रहात आणायची तर तिला लागणाऱ्या शेकडो रूबी व नोड लायब्ररींपैकी संग्रहात नसलेली प्रत्येक लायब्ररी आधी स्वतंत्र पॅकेज म्हणून बांधावी लागते. जून २०१७ मधील डेबियन ९ मध्ये गिटलॅब समाविष्ट झाले. परंतु दर महिन्याला नवी आवृत्ती काढणारे सॉफ्टवेअर आणि दोन वर्षे न हलणारा संग्रह यांचा मेळ बसणे अवघड ठरले. पुढे अशा पॅकेजांसाठी डेबियनच्या स्वयंसेवकांनी ‘फास्ट ट्रॅक’ नावाचे वेगळे भांडार काढले.

सी-डॅकने विकसित केलेली भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, म्हणजेच बॉस, ही प्रणाली डेबियनवर आधारलेली असल्याने वर वर्णिलेली रचना तिलाही लागू होते.

इतर भाषा

पर्लमध्ये प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी संग्रहात एक काल्पनिक नाव असते. डेबियन १२ मध्ये ते ‘पर्लएपीआय-५.३६.०’ असे आहे. यंत्रभाषेतील भाग असलेले पॅकेज त्या नावावर अवलंबून राहते आणि पर्ल बदलताच सर्वांची पुनर्बांधणी होते. पीएचपीमध्ये अशा नावात दिनांक असतो: पीएचपी ८.२ साठी ‘पीएचपीएपीआय-२०२२०८२९’.

नोडच्या लायब्ररी आकाराने अत्यंत लहान आणि संख्येने अफाट असतात. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ ही अवघ्या ११ ओळींची लायब्ररी लेखकाने भांडारातून काढून घेताच जगभरातील अनेक प्रकल्पांची बांधणी काही तास ठप्प झाली. वितरणाच्या संग्रहात मूळ प्रत राखून ठेवलेली असल्याने असा प्रसंग तेथे ओढवत नाही. मात्र ११ ओळींसाठी स्वतंत्र पॅकेज बांधावे काय, हा प्रश्न तेथे उरतोच.

गो व रस्ट या भाषांत लागणाऱ्या लायब्ररी प्रोग्रॅमच्या पोटातच भरल्या जातात. चालवताना त्या भाषेचे वेगळे रनटाइम लागत नाही, परंतु एखाद्या लायब्ररीत दोष निघाला की ती पोटात असलेला प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा बांधावा लागतो.

इतर प्रणालींतील पद्धती

जेंटू लिनक्समध्ये पॅकेजे वापरकर्त्याच्या संगणकावरच बांधली जातात. प्रत्येक पॅकेज पायथनच्या कोणत्या आवृत्त्यांवर चालते हे त्याच्या बांधणीच्या फाइलमध्ये लिहिलेले असते आणि त्यांपैकी कोणत्या हव्यात हे वापरकर्ता ठरवतो. फ्रीबीएसडीच्या संग्रहात एकाच पायथन लायब्ररीची वेगवेगळ्या आवृत्त्यांसाठी वेगळी पॅकेजे निघू शकतात व पॅकेजच्या नावात ‘पाय३११’ असा उपसर्ग येतो.

निक्स या प्रणालीने वेगळीच वाट धरली. एल्को डोल्स्ट्रा यांच्या उट्रेख्त विद्यापीठातील २००६ च्या प्रबंधात तिची मांडणी आहे. प्रत्येक पॅकेज, ते ज्यांपासून बांधले त्या सर्व घटकांवरून काढलेल्या सांकेतिक क्रमांकाच्या स्वतंत्र निर्देशिकेत राहते. एकाच संगणकावर पायथनच्या कितीही आवृत्त्या एकमेकींना न शिवता नांदतात. त्याची किंमत डिस्कवरील जागेच्या रूपाने मोजावी लागते आणि तळाच्या एखाद्या लायब्ररीत छोटासा बदल झाला तरी तिच्यावर अवलंबून असलेले सर्व काही पुन्हा बांधावे किंवा उतरवून घ्यावे लागते.